रुप्याचा खडबडीत पृष्ठभाग : एका अपुऱ्या अनुमानाचा इतिहास

इ. स. १९२८ च्या फेब्रुवारीत कलकत्ता येथे सी. व्ही. रामन व के. एस. कृष्णन यांनी असे दाखवून दिले की, पदार्थातून प्रकीर्ण होणाऱ्या प्रकाशाचा अत्यल्प अंश आपली तरंगलांबी बदलून बाहेर पडतो. हा बदल रेणूच्या कंपनांवर अवलंबून असल्यामुळे प्रत्येक रेणूची ओळखमुद्राच जणू वर्णपटात उमटते. तथापि कोटभर प्रकाशकणांत असा एखादाच सापडावयाचा. त्यामुळे अत्यल्प द्रव्य ओळखण्याच्या कामी ही पद्धती दीर्घकाळ दुबळीच राहिली.

१९७४ मध्ये इंग्लंडातील साउदॅम्प्टन विद्यापीठात फ्लाइशमन, हेंड्रा व मॅक्क्विलन यांनी रुप्याच्या विद्युत् अग्रावर चिकटलेल्या पिरिडीनचा वर्णपट मिळविला. अग्राचा पृष्ठभाग त्यांनी मुद्दाम खडबडीत केला होता. क्षेत्रफळ वाढावे व त्यावर अधिक रेणू सामावावेत, एवढाच त्यामागील हेतू होता. वर्णपट ठळक उमटला आणि हेतू सफल झाला, असे मानले गेले.

हे अनुमान मात्र हिशेबात टिकले नाही. १९७७ मध्ये अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात जाँमेर व व्हॅन डाइन यांनी, आणि स्वतंत्रपणे इंग्लंडातील केंट विद्यापीठात आल्ब्रेख्ट व क्राइटन यांनी, ही तीव्रता अपेक्षेहून सुमारे लाख ते दहा लाख पटींनी अधिक असल्याचे निदर्शनास आणले. केवळ क्षेत्रफळाच्या वाढीने एवढ्या तफावतीचा उलगडा होणे अशक्य होते. १९७८ मध्ये मॉस्कोव्हिट्स यांनी तिचा संबंध धातूच्या सूक्ष्म उंचवट्यांतील इलेक्ट्रॉनांच्या सामुदायिक आंदोलनांशी जोडला. या आंदोलनांमुळे उंचवट्यांलगतचे विद्युत् क्षेत्र प्रबळ होते व तेथील रेणूचे प्रकीर्णन वाढते.

कारण आकारात आहे असे ठरताच तो आकार योजनापूर्वक घडविणे शक्य झाले. पॉलिस्टायरीनच्या अतिसूक्ष्म गोलकांचा दाट थर रचून त्यावर रुप्याचा लेप देण्याची रीत व्हॅन डाइन यांच्या प्रयोगशाळेत विकसित झाली. १९९७ मध्ये रुप्याच्या नॅनोकणांच्या साह्याने एकेका रेणूचा वर्णपट दोन संशोधकगटांनी मिळविला. ग्लुकोज रुप्याला सहजी चिकटत नाही; म्हणून लेपित गोलकांवर सेंद्रिय रेणूंचा एकपदरी थर देऊन त्याचेही मापन २००३ मध्ये साधण्यात आले.

साउदॅम्प्टनचा प्रयोग अचूक होता. अपुरे होते ते त्याचे स्पष्टीकरण. अपेक्षित फळ हाती आले असतानाही त्याचा हिशेब पुन्हा मांडला गेला, म्हणूनच या शाखेचा उदय झाला.