नायटा समजून वर्षभर ट्यूब लावताय? कातडीवर दिसणारा रक्तपेशींचा कॅन्सर असा ओळखतात

अंगाला खाज सुटली, चट्टा उठला की गावाकडे बरेच जण थेट मेडिकलमधून ट्यूब आणतात. बहुतेक वेळा तो नायटा किंवा इसबच असतो. पण वर्षानुवर्षे जाऊन-येऊन राहणाऱ्या चट्ट्यांमागे क्वचित पांढऱ्या रक्तपेशींचा कॅन्सरही असू शकतो.

आजार काय आहे?
शरीरातील 'टी' पेशी रोगजंतूंशी लढतात. त्याच बिघडून कातडीत साचल्या की त्वचेचा टी-सेल लिम्फोमा होतो. त्यातला जास्त आढळणारा प्रकार म्हणजे मायकोसिस फंगॉइड्स. फ्रेंच डॉक्टर अलिबेर यांनी १८०६ मध्ये त्याचे पहिले वर्णन केले. गाठी अळंबीसारख्या दिसल्या म्हणून हे नाव पडले, बुरशीशी त्याचा संबंध नाही. हा आजार संसर्गजन्य नाही. रुग्णाचे ताट-कपडे वेगळे ठेवायची गरज नाही.

दिसतो कसा?
कंबर, नितंब, मांड्या, छाती अशा ऊन न लागणाऱ्या जागी कोरडे, खवल्यांचे चट्टे येतात. पुढे ते जाड होतात, काहींना गाठी येतात. सावळ्या अंगावर, विशेषतः तरुणांत, पांढुरके डाग दिसतात. मग कोड किंवा कुष्ठरोग वाटतो. कुष्ठरोगाचा चट्टा बहुधा बधिर असतो, यात स्पर्श सहसा कळतो. तरी खात्री तपासणीनेच होते.

तपासणी कशी होते?
सुरुवातीला आजार कातडीपुरताच असतो. त्यामुळे साधी रक्त तपासणी नॉर्मल आली म्हणून निर्धास्त राहू नये. खरी तपासणी बायोप्सीची. जागा बधिर करून काही मिलिमीटरचा तुकडा काढतात, एखाद-दुसरा टाका पडतो आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो, ही भीती खोटी आहे.

स्टेरॉइडच्या ट्यूबने चट्टा तात्पुरता दबतो आणि तुकड्यातही आजार नीट दिसत नाही. म्हणून डॉक्टर तपासणीआधी साधारण दोन ते चार आठवडे ती बंद करायला सांगतात. मात्र स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर मनाने बंद करू नयेत.

एका बायोप्सीत निदान होईलच असे नाही, पुन्हा तुकडा घ्यावा लागतो. पेशींवरील खुणा आणि जनुकांचीही तपासणी करतात. सगळे अंग लाल होऊन प्रचंड खाज असेल तर सेझरी सिंड्रोमची शंका घेऊन रक्तातील पेशी तपासतात. मार न लागता जांभळ्या-निळसर गाठी उठल्या तर त्यामागे वेगळा, झपाट्याने वाढणारा रक्ताचा कॅन्सर असू शकतो. तिथे थांबू नये.

डॉक्टरकडे कधी जायचे?
• दोन-तीन महिने औषध करूनही चट्टा जात नसेल
• ट्यूब बंद केली की परत येत असेल
• चट्टा जाड झाला, गाठ आली किंवा जखम भरत नसेल
• काखेत, जांघेत गाठी लागत असतील

जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या त्वचारोग विभागात दाखवावे. जुने कागद, वापरलेल्या ट्यूब आणि मोबाईलवर काढलेले चट्ट्यांचे फोटो सोबत न्यावेत. लवकर सापडला तर मलम आणि प्रकाश-उपचाराने आजार आटोक्यात राहतो. अशा बहुतेक रुग्णांचे आयुष्यही फारसे कमी होत नाही.