ग्रिलची जाळी आणि तारेचा ब्रश

बार्बेक्यूवर बोलणाऱ्यांची काही कमी नाही. मॅरिनेशन किती तास, कोळसा बरा की गॅस, झाकण लावायचं की नाही, यावर अमेरिकेत लोक तासन्‌तास हुज्जत घालतात. पण जेवणं झाल्यावर ती काळीकुट्ट जाळी घासायची कशानं, याचा इतिहास लिहायला कोणी बसत नाही. म्हटलं, ह्या वीकेंडला आपणच बसू :) विषय वरवर फालतू वाटेल, पण गोष्ट ऑपरेशन थिएटरपर्यंत जाते, तेव्हा मंडळी, जरा धीर धरा.

आधी प्रॉब्लेम स्टेटमेंट. चरबी आणि सॉसमधली साखर तापलेल्या लोखंडावर पडली की काही भाग सरळ जळून कोळसा होतो. तो खरवडला की निघतो. तेलाचा पातळ थर मात्र उष्णतेनं घट्ट होतो, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि वार्निशसारखं कवच तयार होतं. बिडाच्या तव्यावर आपण हाच थर मुद्दाम चढवतो आणि वर कौतुकही करतो. म्हणजे बिडाच्या जाळीवर खालचं कवच हवं, पण त्याच्यावरचा कोळसा नको. क्लायंटच्या रिक्वायरमेंटसारखंच हे!

'बार्बेक्यू' हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या 'बार्बाकोआ'वरून स्पॅनिशमार्गे आला. ती होती लाकडी काठ्यांची चौकट, खराब झाली की दुसरी बांधता येणारी. लोखंडी जाळी रोमन लोकांकडे होती, ती टिकणारी होती, म्हणून ती घासणं आलं. भांडी घासायला युरोपात वाळू वापरत, आणि हॉर्सटेल नावाची एक वनस्पतीही. तिच्या देठात सिलिका असते, त्यामुळे ती सॅंडपेपरसारखी चालते. आपली राख आणि नारळाची शेंडी त्याच घराण्यातली. म्हणजे शेकडो वर्षं मामला साधा होता : काहीतरी खरखरीत घ्या आणि घासा.

अॅल्युमिनियमची भांडी आल्यावर पहिला बदल झाला. १९१३ मध्ये अमेरिकेत 'ब्रिलो'चं पेटंट निघालं, स्टीलच्या बारीक तारांचा बोळा आणि साबण. १९१७ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत एड कॉक्स नावाच्या भांडी विकणाऱ्यानं साबण मुरवलेले असे बोळे गिऱ्हाइकांना द्यायला सुरुवात केली. त्याच्या बायकोनं त्यांना 'एस.ओ.एस.' नाव दिलं, म्हणजे 'आपली भांडी वाचवा'. भांड्यांपेक्षा बोळाच जास्त गाजला. पण हे सगळं सिंकमधलं काम. ग्रिल सिंकमध्ये मावत नाही.

ग्रिल घरामागच्या अंगणात आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. उपनगरं वाढली, प्रत्येकाला हिरवळीचा तुकडा मिळाला. १९५२ मध्ये शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफननं पाण्यात तरंगणाऱ्या बॉयाचा धातूचा गोळा मधोमध कापून झाकणाचा ग्रिल बनवला. तोच पुढे घरोघरी दिसणारा 'केटल'. आणि गिऱ्हाईक बदललं. हॉटेलातला आचारी जाळी रोज घासतो, हा गडी आठवड्यातून एकदा, हातात बिअर घेऊन. जाळी उघड्यावर पडलेली, पावसात गंजलेली. त्याला काय हवं? लांब दांड्याचं, स्वस्त, तापलेल्या जाळीवर उभ्या उभ्या दोन हात मारता येतील असं काहीतरी. वर्कशॉपमध्ये गंज आणि जुना रंग काढायला तारेचा ब्रश होताच. तो ग्रिलवर चपखल बसला.

खरं तर दुसरा एक रस्ता होता. १९६३ मध्ये जनरल इलेक्ट्रिकनं स्वतःला साफ करणारा ओव्हन बाजारात आणला. दार बंद करून आतलं तापमान सुमारे ४८० अंश सेल्सिअसला न्यायचं, घाणीची राख होते, ती पुसून घ्यायची. ग्रिलमध्ये झाकण लावून, आच पूर्ण वाढवून लोक हेच करतात, पण ओव्हनसारखी एकसारखी उष्णता तिथं मिळत नाही. थोडा कोळसा उरतोच, आणि पुन्हा ब्रशच हातात येतो.

आता ह्या ब्रशची रचना बघा, इथे इंजिनिअर मंडळींना मजा येईल. लाकडी पट्टीला भोकं असतात. तारांचा झुबका मधोमध दुमडून प्रत्येक भोकात एका छोट्या पिनेनं ठोकून बसवलेला. एवढाच जोड. आता ही पट्टी शेकडो अंश तापलेल्या जाळीवर घासा, मग पावसात विसरा. लाकूड फुगतं, सुकतं, करपतं, भोक सैल होतं. तार गंजते, पुन्हापुन्हा वाकून कमकुवत होते. शेवटी एक तार तुटते आणि जाळीला चिकटून राहते. पुढच्या बर्गरमध्ये ती जाते. रंग काळा, जाडी केसासारखी. दिसणार कशी?

मी ऑनसाईटला होतो तेव्हा अपार्टमेंटच्या आवारात सगळ्यांसाठी एक ग्रिल होता, आणि त्याचा ब्रश साखळीनं बांधलेला. अर्धे झुबके बसलेले, अर्धे गायब. आमच्यातले शाकाहारी जाळीवर फॉईल अंथरून पनीर आणि मक्याची कणसं भाजायचे, कारण अर्थातच वेगळं होतं. पण नकळत तेच जास्त सुरक्षित जेवत होते!

असो. तार गिळलेला माणूस डॉक्टरकडे जातो तेव्हा 'घसा दुखतोय' किंवा 'पोटात दुखतंय' एवढंच सांगतो. जेवणाशी संबंध लागला तरी हाड अडकलं असेल असं वाटतं. एका गावात एक, दुसऱ्या राज्यात एक. प्रत्येक डॉक्टरसाठी ती एक विचित्र केस, फाईल बंद. बग-ट्रॅकरमध्ये दहा वेगवेगळ्या लोकांनी एकच बग वेगवेगळ्या नावांनी टाकावा, तसं.

हे जुळलं ते ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स शहरात. तिथल्या डॉक्टरांनी जुलै २००९ ते नोव्हेंबर २०१० या काळातले सहा पेशंट एकत्र मांडले. शोधायला लागल्यावर मार्च २०११ ते जून २०१२ मध्ये त्याच हॉस्पिटल व्यवस्थेत आणखी सहा सापडले. कुणाच्या मानेत तार रुतलेली, कुणाचं आतडं फुटून तातडीचं ऑपरेशन. जुलै २०१२ मध्ये सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या साप्ताहिकात हे छापून आलं. बारा हा आकडा काही फार मोठा नाही. पण एकाच ठिकाणी, तीन वर्षांत बारा म्हटल्यावर बाकीच्या देशाचं काय, हा प्रश्न आलाच.

त्याचं उत्तर २०१६ मध्ये मिसूरी विद्यापीठाच्या डॉक्टरांनी काढलं. अमेरिकेत ग्राहक-सुरक्षेसाठी सुमारे १०० हॉस्पिटलांच्या इमर्जन्सी विभागांतून नोंदी गोळा होतात. त्यावरून अंदाज बांधला तर २००२ ते २०१४ मध्ये अशा दुखापतींसाठी १,६९८ इमर्जन्सी भेटी झाल्या असाव्यात. थेट क्लिनिकमध्ये गेलेले यात धरलेले नाहीत. सगळ्यात जास्त केसेस जून ते ऑगस्ट, म्हणजे ऐन ग्रिलच्या मोसमात.

मला यातलं महत्त्वाचं काम मोजण्याचं वाटतं. नवं मशीन नाही, नवं औषध नाही, कुणीतरी जुन्या फाईली शेजारी शेजारी ठेवल्या. ते झालं नसतं तर आजही प्रत्येक तार 'हाड'च राहिली असती.

यानंतर पर्याय बाजारात आले. स्टीलच्या जाड तारेच्या गुंडाळ्या, साखळीसारखे विणलेले घासणे, फेसाळ काचेची वीट (ही झिजते, भुगा पुसावा लागतो), नायलॉनचा ब्रश (जाळी थंड असतानाच, नाहीतर वितळतो). एका कंपनीनं तर जाळीवर फिरणारा बॅटरीचा रोबो काढला, पण त्याच्याही पोटाखाली ब्रशच. मला आवडतो तो साधा लाकडी पट्टा. तापलेल्या जाळीवर दाबून घासला की कडेला जाळीच्या मापाच्या खाचा आपोआप जळून तयार होतात आणि तो तुमच्याच ग्रिलचा होऊन जातो. दक्षिण आफ्रिकेत तर ब्राय करताना अर्धा कांदा काट्याला टोचून गरम जाळीवर फिरवतात. घासणंही आणि वासही!

तारेच्या ब्रशवर बंदी मात्र आली नाही. कॅनडाच्या आरोग्यखात्यानं २०१७-१८ मध्ये चौकशी करून बंदीऐवजी उत्पादनासाठी मानक बनवण्याचा रस्ता धरला. तेव्हा मित्राकडे ग्रिलवर जेवायला गेलात आणि हुकला तो ब्रश लटकलेला दिसला, तर झुबका चिमटीत धरून ओढून बघा. एक जरी तार हातात आली तर ब्रश कचऱ्यात टाका, आणि मांस ठेवण्याआधी जाळी ओल्या जाड फडक्यानं दोन्ही बाजूंनी पुसून घ्या.