नवरा-बायकोचा सिबिल स्कोर कमी असेल तर गृहकर्ज मिळतं का?

दोघांच्या पगारावर जास्त कर्ज मिळतं, म्हणून अनेक जोडपी एकत्र गृहकर्जासाठी अर्ज करतात. पण अशा वेळी बँक दोघांचेही क्रेडिट रिपोर्ट तपासते. त्यामुळे एकाचे जुने थकलेले हप्ते दोघांच्याही अर्जाला नडू शकतात.

सिबिल स्कोर ३०० ते ९०० दरम्यान असतो. साधारणपणे ७५० च्या पुढचा स्कोर चांगला समजला जातो. स्कोर कमी असेल तर अर्ज नाकारला जाऊ शकतो किंवा व्याजदर जास्त लागू शकतो.

अर्ज करण्याआधी काय करावं?

• दोघांचेही रिपोर्ट काढा. सिबिलसह चारही क्रेडिट माहिती कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत देतात.

• रिपोर्टमध्ये चूक असेल तर तक्रार करा. ३० दिवसांत ती सुटली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते.

• जुन्या कर्जावर 'सेटल्ड' शेरा असेल तर उरलेली रक्कम भरा, नो ड्यूज प्रमाणपत्र घ्या आणि शेरा बदलून घ्या.

• एकाच वेळी अनेक बँकांत अर्ज करू नका. प्रत्येक चौकशीची नोंद होते.

एकाचाच स्कोर खराब असेल, तर दुसऱ्याला एकट्याच्या नावावर अर्ज करता येतो. मात्र मग कर्जाची रक्कम एकाच पगारावर ठरते.

सही करण्याआधी एक लक्षात ठेवा. संयुक्त कर्जात जबाबदारी निम्मी-निम्मी नसते. एकाने हप्ते थांबवले, तर बँक दुसऱ्याकडून पूर्ण रक्कम वसूल करू शकते. घटस्फोट झाला तरी कर्जातून आपोआप सुटका होत नाही.