स्टेशनाभोंवतालचे लोक

नगररचनेच्या कामांत रहिवाशांचें मत विचारण्याची प्रथा फार जुनी नाहीं. आणि जेथें ती पडली तेथेंही पुष्कळदां कुदळ चालून गेल्यानंतर पडली. अमेरिकेंतील बॉस्टन शहराच्या नैर्ऋत्य भागाची हकीकत या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे.

सन १९४८ मध्यें बॉस्टनसाठीं मोटारींच्या हमरस्त्यांचा एक मोठा आराखडा तयार झाला. त्यांतील एक रस्ता प्रॉव्हिडन्सकडे जाणाऱ्या जुन्या आगगाडीच्या मार्गालगत, जमैका प्लेन व रॉक्सबरी या वस्त्यांमधून शहरांत शिरावयाचा होता. पुढें १९५६ च्या कायद्यानें अशा रस्त्यांच्या खर्चांतील शेंकडा नव्वद भाग मध्यवर्ती सरकारनें उचलावयाचा ठरला. दहा डॉलरांत शंभर डॉलरांचा रस्ता मिळत असतां त्याच्या वाटेंत कोण राहतो, हें पाहण्याची निकड कोणास वाटणार? १९६० नंतरच्या दशकांत घरें, दुकानें व कारखाने विकत घेऊन पाडण्यांत आले. वाटेंत राहणारे लोक बहुतेक श्रमजीवी होते. रॉक्सबरींत कृष्णवर्णीय कुटुंबांची वस्ती मोठी होती. शेंकडों कुटुंबांना घर सोडावें लागलें, आणि रस्ता मात्र झालाच नाहीं.

तो न होण्याचें श्रेय त्याच लोकांचें. एरवीं एकमेकांकडे फारसें न जाणारे निरनिराळ्या वंशांचे व धर्मांचे रहिवासी या एका प्रश्नावर एकत्र आले. १९६९ च्या जानेवारींत ते मॅसॅच्युसेट्स संस्थानच्या विधिमंडळासमोर जमले. रस्त्यांआधीं माणसें, हें त्यांचें मागणें होतें. गव्हर्नर फ्रान्सिस सार्जंट हे पूर्वीं स्वतःच सार्वजनिक बांधकाम खात्याचे प्रमुख होते. तरीही ११ फेब्रुवारी १९७० रोजीं त्यांनीं हमरस्त्यांचीं कामें थांबविलीं व आजवरचें धोरण चुकलें असें जाहीरपणें कबूल केलें. अशी कबुली अधिकाराच्या जागेवरून क्वचितच ऐकूं येते. फेरविचाराअंतीं १९७२ मध्यें हा रस्ता कायमचा रद्द झाला, आणि १९७३ च्या कायद्यानें रस्त्यासाठींचा पैसा रेल्वेकडे वळविण्याची वाट मोकळी केली.

आतां त्या उजाड पट्ट्यांतून आगगाडी न्यावयाची होती, आणि मोकळ्या जमिनीवर काय उभारावें हाही प्रश्न होता. या वेळीं मात्र अधिकाऱ्यांनीं आधीं विचारलें. प्रत्येक नव्या स्टेशनासाठीं त्या त्या वस्तींतील लोकांची समिती नेमली. स्टेशनाचें दार कोणत्या रस्त्याकडे असावें, पलीकडे जावयास पूल कोठें हवा, उरलेल्या जागेंत घरें हवींत कीं झाडें, असले प्रश्न सभांमधून वर्षानुवर्षें चर्चिले गेले. अशा सभा कंटाळवाण्या असतात. पण घराचें दार ज्या बाजूस आहे त्याच बाजूस स्टेशनाचें दार यावें, ही गोष्ट नकाशा काढणाऱ्यास सभेवांचून सुचत नाहीं.

त्या चर्चेचा परिणाम जमिनीवर दिसतो. दोन वस्त्यांमध्यें भिंतीसारखा उभा असलेला जुना दगडी बांध गेला व रूळ खालीं खंदकांत उतरले. साउथ एंड भागांत गोंगाट नको म्हणून रुळांवर छत घातलें आणि त्यावर बाग केली. सर्वांचें एकमत होतें असें मात्र नव्हे. पलीकडच्या वस्तींतून चालत येण्याची वाट कांहींना हवी होती. कांहींना त्याच वाटेनें चोर येतील अशी धास्ती होती. ४ मे १९८७ रोजीं नवा मार्ग सुरू झाला. त्याच्या कडेनें आज पांचएक मैल लांबीचें उद्यान आहे. त्यांत रहिवाशांचे भाजीचे वाफेही आहेत.

परंतु स्टेशनाभोंवतालचे लोक म्हणजे कोण? नव्या मार्गापासून रॉक्सबरींत सुमारें अर्ध्या मैलावर वॉशिंग्टन स्ट्रीट आहे. तेथें १९०१ पासून खांबांवरून जाणारी रेल्वे होती. ती रस्त्यावर अंधार पाडी, खडखडाट करी, आणि लोक तिला नांवें ठेवीत. पण डडली स्टेशनावरून कामावर जाणाऱ्या गरिबांची तीच गाडी होती. नवा मार्ग सुरू होण्यापूर्वीं थोडे दिवस, १९८७ च्या एप्रिलअखेर, ती बंद झाली व पुढें तिचे खांबही काढून टाकले. तिच्या बदली तितकीच चांगली सोय करूं, असें वचन होतें. नव्या स्टेशनांच्या समित्यांपुढें जो बारकाईचा विचार झाला, तो या जुन्या स्टेशनांच्या वांट्यास आला नाहीं, आणि या साऱ्या कामांतील खरी उणीव हीच म्हटली पाहिजे. पंधरा वर्षांनंतर, २००२ मध्यें, वॉशिंग्टन स्ट्रीटवर नवी बससेवा आली. गाडीच्या जागीं बस म्हणजे वचन पाळलें असें मानण्यास तेथील पुष्कळ लोक तयार झाले नाहींत.

पाडलेल्या जागांचें भाग्यही सारखें नव्हतें. रॉक्सबरी क्रॉसिंग स्टेशनाशेजारीं कॉलेज उभें राहिलें. जॅक्सन स्क्वेअर स्टेशनाजवळच्या कांहीं जागा मात्र, गाड्या नियमित धांवूं लागल्यावरही वीस वर्षांहून अधिक काळ तारेच्या कुंपणाआड ओसाड पडून होत्या. तेथें काय बांधावें हें विचारण्यासाठीं सभा पुन्हां पहिल्यापासून भरवाव्या लागल्या.