तळटीप २३ : मंडळाच्या मैदानावरची ‘रास्ट’

२३. ‘मंडळ’ म्हणजे अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, स्थापना १९१४, संस्थापक वैद्य बंधू. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे कबड्डी दाखवणारे पथक याच मंडळाचे.

‘रास्ट’ ही अनॅरोबिक क्षमतेची, म्हणजे ऑक्सिजन पुरा पडण्याआधी स्नायू जो जोर देतात त्याची, मैदानी चाचणी. १९९७मध्ये इंग्लंडच्या वुल्व्हरहॅम्प्टन विद्यापीठात तयार झाली. ३५ मीटर जीव तोडून धावायचे, सहा वेळा, मध्ये विसावा फक्त १० सेकंदांचा. खेळाडूचे वजन गुणिले अंतराचा वर्ग, भागिले वेळेचा घन, एवढे केले की वॅटमध्ये शक्ती मिळते : ७० किलोच्या मल्लाला ५ सेकंद लागले तर ६८६ वॅट. सर्वाधिक आणि सर्वांत कमी शक्तीतल्या फरकाला सहाही धावांच्या एकूण वेळेने भागल्यावर येतो तो मूळ मजकुराच्या पुढच्या परिच्छेदातला ‘थकवा निर्देशांक’. तो जितका कमी, तितका खेळाडू शेवटपर्यंत टिकणारा. याच क्षमतेच्या विंगेट चाचणीला खास सायकल लागते, इथे टेप, चुना आणि स्टॉपवॉच पुरते. अमरावती-अकोल्याच्या साध्या मैदानांसाठी हे फार मोलाचे आहे.

मात्र कुस्तीत पकड, खांदे आणि कंबर यांचाही कस लागतो. तो या धावांत मोजला जात नाही. ज्युदो या कुस्तीसारख्याच झोंबीच्या खेळासाठी पोलंडच्या स्टर्कोविच यांनी १९९५मध्ये प्रत्यक्ष फेकींवर आधारलेली वेगळी चाचणी मांडली. प्रस्तुत प्रकरणातले आकडे मल्लांच्या पायांच्या जोरापुरतेच वाचावेत.