दावे, वेसण आणि खोडा : पारशिवनी परिसरातील गुरे आवरण्याच्या साधनांचा इतिहास

१

विदर्भाच्या कृषिजीवनाचा इतिहास लिहिताना नांगर, वखर, तिफण व बंडी यांची दखल अभ्यासकांनी घेतली आहे. ज्या साधनांमुळे बैल या अवजारांना जुंपता आला, ती साधने मात्र बहुधा दुर्लक्षित राहिली. याचे एक कारण उघड आहे. दोर कुजतो, लाकूड चुलीत जाते, आणि दोन्ही वस्तू इतक्या नित्याच्या असतात की दप्तरात त्यांची नोंद होत नाही. तथापि भाषेने ती नोंद ठेवली आहे. वेसण घालणे, पायबंद घालणे, मुसक्या बांधणे, दावणीला बांधणे, गळ्यातले लोढणे, खोडा घालणे हे सर्व वाक्प्रचार गोठ्यातून आले आहेत आणि त्या प्रत्येकामागे एक प्रत्यक्ष वस्तू आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) यांपैकी बहुतेक शब्द आढळतात. त्यावरून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही सामग्री पूर्णपणे रुळलेली होती असे म्हणण्यास हरकत नाही.

प्रस्तुत विवेचनाचा विषय मर्यादित आहे. नागपूर जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरील पारशिवनी तालुक्यासारख्या प्रदेशात अल्पभूधारक शेतकऱ्याने जनावर आवरण्यासाठी कोणती साधने वापरली, ती त्याला कशी परवडली, आणि ती माणसास व जनावरास कितपत निर्धोक होती, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे. प्रश्न लहान दिसला तरी क्षुल्लक नाही. ज्याच्या गोठ्यात दोनच जनावरे आहेत त्याच्या दृष्टीने एका गाईचा मोडलेला पाय किंवा शिंगाने दुखावलेला घरचा कर्ता पुरुष म्हणजे वर्षाचे गणित कोसळणे होय.

२

पारशिवनीचा प्रदेश पेंच व कन्हान या नद्यांच्या परिसरात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. उत्तरेस जंगल व दक्षिणेस मैदानी शेती अशी त्याची रचना असल्यामुळे येथील गुरांचे जीवन दोन ठिकाणी विभागलेले होते. दिवसा ती गोवारी वा अन्य गुराख्याच्या ताब्यात रानात असत आणि रात्री गोठ्यात दाव्याला. या भागाशी निगडित दोन जाती प्रसिद्ध आहेत. वर्धा, नागपूर, छिंदवाडा व शिवनी या पट्ट्यातील गवळाऊ ही हलकी, चपळ व चालीला वेगवान गोजात असून तिची शिंगे आखूड व बोथट असतात. नागपुरी म्हशीची शिंगे याउलट लांब, चपटी व मानेच्या दोन्ही बाजूंनी खांद्याकडे वळलेली असतात. साधनाच्या निवडीत हा फरक निर्णायक ठरतो.

जनावर आवरण्याची मूळ साधने चार होती. दावे गळ्यात असे व खुंट्याशी बांधले जाई. म्होरकी मस्तकाभोवती असे. वेसण नाकपुड्यांमधील मऊ पडद्यातून जाई आणि कासरा तिला जोडून हाकणाऱ्याच्या हाती येई. लोढणे किंवा पायबंद पळकुट्या जनावरासाठी राखून ठेवलेला असे. यांपैकी वेसणीची प्राचीनता निर्विवाद आहे. कौटिलीय अर्थशास्त्रातील गोध्यक्षाच्या प्रकरणात दोहनाची वेळ चुकविणाऱ्यास त्या लाभाला मुकण्याचा दंड सांगितला आहे, आणि तोच नियम नाक टोचण्याची व वासरू वठणीवर आणण्याची वेळ चुकविणाऱ्यास लागू केला आहे. त्याच प्रकरणात साप व श्वापदे दूर राहावीत आणि गुरे कोठे चरत आहेत ते कळावे म्हणून बुजऱ्या जनावरांच्या गळ्यात घंटा बांधण्याचाही निर्देश आहे. जनावर योग्य वयात शिकवले नाही तर पुढे बळाचा वापर करावा लागतो, ही जाणीव त्यात स्पष्ट दिसते.

ही साधने स्वस्त होती असे सामान्यतः मानले जाते. हा समज तपासून पाहणे आवश्यक आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथातून बलुत्याच्या व्यवस्थेचे जे चित्र मिळते, त्यात दोरखंड पुरविण्याचे काम मांग समाजाकडे, लाकूडकाम सुताराकडे व कातडी सामान चर्मकाराकडे असल्याचे दिसते. विदर्भात दोरासाठी अंबाडीचे व तागाचे वाख वापरीत. अंबाडी शेताच्या कडेला पेरली जाई; ती भिजवणे, सोलणे, वळणे हे कष्टाचे काम मात्र दुसऱ्याचे असे. त्याचा मोबदला सुगीच्या धान्यात मिळे आणि तो ठरविण्याचा अधिकार बहुतांशी देणाऱ्याकडे असे. म्हणजे दाव्याची किंमत कुणब्याच्या हिशेबात अल्प दिसे याचे कारण तिचा मोठा वाटा गावकुसाबाहेरच्या श्रमाने उचललेला होता. पोळ्याला बैलाच्या अंगावर नवी वेसण, नवा कासरा व नवे दावे चढे. त्या सणाच्या आनंदामागे हे श्रमसंबंध उभे होते, हे इतिहासकाराने नजरेआड करता कामा नये.

दुसरी न मोजलेली किंमत कौशल्याची होती. नालबंद बैलास दोराने आडवा पाडी, चारी पाय एकत्र बांधी आणि नाल ठोकी. हे काम घटकेत उरके. पण त्यासाठी दोर कोठे आवळावा, जनावर कोणत्या बाजूस पडू द्यावे, शिंग कोणी धरावे हे ठाऊक असलेली तीनचार माणसे लागत. दोर स्वस्त होता. तो वापरणारे हात स्वस्त नव्हते, केवळ विपुल होते.

३

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या घरगुती व्यवहारात शासनाचा प्रवेश झाला. भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले व १८६१ मध्ये मध्यप्रांताची स्थापना झाली. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणविषयक कायद्याने कोंडवाड्याला सर्वत्र एकसारखे कायदेशीर रूप आले. पीक खाणारे जनावर आता दंड भरल्यावाचून सुटत नसे, आणि त्यामुळे लोढणे व पायबंद यांना नवे आर्थिक प्रयोजन मिळाले. मात्र हीच साधने रानात घातक ठरत. गळ्यातील ओंडका पुढच्या गुडघ्यांवर आपटतो, पायबंदाने पाय सोलवटतात, आणि वाघाच्या प्रदेशात अडखळणारे जनावर पळू शकत नाही. पेंचच्या काठी ही शक्यता कल्पनेतील नव्हती.

त्याच वर्षी, १८७१ मध्ये, हॅलन यांच्या अध्यक्षतेखालील गुरांच्या साथींविषयीच्या आयोगाचा अहवाल सादर झाला. पुढे १८८९ मध्ये पुण्यास जीवाणुशास्त्रीय प्रयोगशाळा निघाली व १८९३ मध्ये ती मुक्तेश्वरला हलविण्यात आली. बुळकांडीवरील लसीचे युग जवळ येत होते. येथे आवरण्याच्या साधनांच्या इतिहासाला वळण मिळते. तोपर्यंत आवरण्याचा प्रश्न एका जनावरापुरता असे: एक बैल नालासाठी, एक गोऱ्हा बडवण्यासाठी, एक वासरू वेसणीसाठी. लसीकरणाने तो कळपाचा प्रश्न केला. १९५४ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय बुळकांडी निर्मूलन कार्यक्रमाचे उद्दिष्ट देशातील ८० टक्के गाईगुरांना लस टोचण्याचे होते. गाय, म्हैस, भाकड, कालवड असा भेद न करता एका दिवसात सबंध गावाची गुरे टोचावयाची, तर आडवे पाडण्याची पद्धत निरुपयोगी होती.

दोन महायुद्धांच्या दरम्यान भारतात प्रसृत झालेल्या बुर्डिझ्झोच्या चिमट्यानेही हेच शिकविले. दगडाने वा काठीने वृषण चेचण्याच्या जुन्या रीतीपेक्षा तो निःसंशय सौम्य होता, कारण त्याने जखम उघडी पडत नाही. परंतु चिमटा दोन्ही बाजूंना स्वतंत्रपणे व अचूक लागावा म्हणून गोऱ्हा स्थिर असणे अत्यावश्यक होते. सुधारलेल्या उपकरणाने आवरण्याची गरज कमी केली नाही. ती अधिक काटेकोर केली.

४

या गरजेतून पशुवैद्यकीय दवाखान्याच्या आवारात खोडा आला. चार खांब, दोन्ही बाजूंस आडव्या वाशा, छातीपुढे एक व मांड्यांमागे एक सरकता दांडा, एवढीच त्याची रचना. मराठीने त्याला दिलेले नाव विचार करण्याजोगे आहे. पूर्वी खोडा म्हणजे कैद्याचे पाय अडकविण्याचे लाकडी साधन. शिक्षेच्या वस्तूचे नाव उपचाराच्या वस्तूस लागले, आणि दवाखान्यातील खोड्याबद्दलची शेतकऱ्याची सुरुवातीची नाराजी या नावात जणू गोठून राहिली.

अमेरिकेत हाच विचार वेगळ्या दिशेने गेला. तेथील मोठ्या कळपांसाठी बाजू दाबून धरणारे लोखंडी पिंजरे विसाव्या शतकात प्रचारात आले. टेंपल ग्रँडिन यांनी १९७० नंतरच्या काळात गुरांच्या दृष्टीचा व भीतीचा अभ्यास करून वळणदार वाटा व भरीव भिंती यांचा पुरस्कार केला. गाईला जवळजवळ चोहोबाजूंचे दिसते, ठीक मागचे तेवढे दिसत नाही. लखलखणारे लोखंड, लोंबणारे कापड व अचानक आवाज यांनी ती बुजते. शांत जनावरास कमी बळाने आवरता येते. हे सिद्धान्त लहान गोठ्यासही लागू आहेत. त्यांचे यंत्र मात्र लागू नाही. शेकडो जनावरांवर ज्याचा खर्च वाटला जातो ते साधन दोन गाईंच्या मालकाने घ्यावे, यात हिशेब नाही. शिवाय मान अडकविणारे अरुंद फाटक आखूड शिंगांच्या वा बिनशिंगी गाईंसाठी आखलेले असते. नागपुरी म्हशीची शिंगे त्यातून सुखरूप जात नाहीत.

स्वातंत्र्यानंतर गुरांचे स्वरूपही बदलले. नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ मध्ये सुरू झाले. १९६७ मध्ये मणिभाई देसाई यांनी उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या संस्थेने कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या दारी नेले. संकरित गाय अंगाने मोठी, बहुधा वेसण न घातलेली आणि रेतनासाठी मागून हाताळावी लागणारी असते. दुसरीकडे पेंचचे जंगल १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान व १९९९ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाले. चराई आक्रसली व गुरांचे दाव्यावरचे तास वाढले. ट्रॅक्टरने बैलाची जागा घेतली. २०१२ व २०१९ च्या पशुगणनांच्या दरम्यान देशातील नर गोवंश सुमारे ३० टक्क्यांनी घटला. बैलाबरोबर त्याला हाताळणारा माणूसही गेला. दोर राहिला, विद्या गेली. आणि नायलॉनच्या दोराने त्यात भर अशी घातली की तो तुटत नाही, पण कातडी मात्र कापतो.

५

या इतिहासावरून निवडीचे काही निकष निघतात. पहिला असा की जनावर बांधून ठेवणे व जनावर आवरणे ही दोन भिन्न कामे आहेत. बांधण्यासाठी रुंद पट्टा किंवा अंबाडी-सुताचे जाड दावे पुरे. त्याला सरकफास नसावा व खुंट्याकडची गाठ संकटकाळी एका हिसक्याने सुटणारी सुरगाठ असावी. नेण्यासाठी म्होरकी. वेसणीला खुंट्याशी कधीही बांधू नये, कारण जनावर बुजले की नाकाचा पडदा फाटतो. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने अवास्तव आखूड वा जड साखळीने दीर्घकाळ बांधणे गुन्हा ठरविले असून वेसणीला विहित रीतीपुरतीच मुभा दिली आहे. १९६५ च्या नियमांनी खिळ्यांची काठी व अणकुचीदार साज यांवर बंदी घातली.

दुसरा निकष, आडवे पाडणे हा अपवाद असावा. पोट भरलेले जनावर फार वेळ आडवे राहिल्यास पोटफुगी होते व घशातून वर आलेला चारा श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो; दुभत्या गाईच्या सडांना दोराने इजा होते.

तिसरा निकष, उपचार व लसीसाठी लाकडी खोडा हेच लहान शेतीला परवडणारे सर्वांत निर्धोक साधन होय. सुमारे दीड मीटर उंचीचे व पाऊण मीटर जमिनीत पुरलेले खांब, आतील रुंदी ६५ ते ७० सेंटिमीटर, गुळगुळीत आतील बाजू, न घसरणारी मुरमाची जमीन आणि लगेच निघणारा पुढील दांडा एवढ्याने काम भागते. मात्र लाकूड फुकट नाही. मालगुजारीच्या काळी असे लाकूड निस्तार हक्कातून मिळे. मालगुजारी १९५१ मध्ये संपली, वननियम कडक झाले, आणि बाभळीचा खांबसुद्धा आता हिशेबात धरावा लागतो. म्हणून चौथा निकष हाच सर्वांत महत्त्वाचा ठरतो : दावे घरचे असावे, खोडा गावाचा असावा. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात लाळ्या-खुरकुताची लस सहा महिन्यांच्या अंतराने द्यावयाची असते, आणि ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलाची जिवंत लस टोचताना सुई हाताला लागली तर टोचणाऱ्यासच रोग जडू शकतो. अशा कामासाठी प्रत्येक गोठ्यात पिंजरा नको. पण प्रत्येक वस्तीजवळ एक नीट राखलेला खोडा हवा.

६

एकंदरीत पाहता गुरे आवरण्याच्या साधनांचा इतिहास हा दोरापासून लोखंडाकडे झालेल्या सरळ प्रगतीचा इतिहास नाही. जुनी व्यवस्था स्वस्त होती, कारण तिचा खर्च बलुतेदाराचे श्रम, गावाचे मनुष्यबळ व जनावराचे शरीर यांवर वाटला गेला होता. ती व्यवस्था मोडली हे इष्टच झाले. परंतु तिच्यातील सहकार्याच्या जागी काहीच उभे राहिले नाही, तर लहान शेतकरी एकटा, अनभिज्ञ आणि नायलॉनच्या दोरासह मोठ्या गाईसमोर उभा राहतो. गावच्या खोड्याचा प्रश्न म्हणूनच सुतारकामापेक्षा ग्रामसंस्थेचा अधिक आहे. कोणाच्या श्रमावर व कोणाच्या वेदनेवर एखादे साधन स्वस्त होते, हा प्रश्न कृषिसाधनांच्या इतर शाखांतही विचारला गेल्यास वऱ्हाड-नागपूर प्रांताच्या आर्थिक इतिहासाचे चित्र अधिक यथार्थ होईल.