पूर्ण वसुलीचा नियम आला कुठून?

नेदरलँड्समधील पाळणाघर-अनुदान प्रकरण भेदभावामुळे गाजले. कर खात्याने अर्जदारांच्या दुहेरी नागरिकत्वाच्या नोंदी बेकायदा वापरल्याचे तेथील माहिती संरक्षण प्राधिकरणाने २०२० मध्ये म्हटले. मला मात्र आणखी एक प्रश्न तितकाच महत्त्वाचा वाटतो : पूर्ण वसुलीचा नियम आला कुठून?

२००५ च्या कायद्यानुसार पाळणाघराच्या खर्चासाठी अनुदान सुरू झाले. पैसे आगाऊ मिळत, हिशेब नंतर होई. पालकांनी स्वतःचा वाटा भरल्याचा पुरावा द्यायचा असे. त्यातली थोडी रक्कम सिद्ध झाली नाही, तरी खाते वर्षभराचे सगळे अनुदान परत मागे. हजारो युरोंचे कर्ज अशा घरांच्या डोक्यावर बसले. २०१३ मध्ये सरकारी भत्त्यांतील संघटित फसवणूक उघड झाली आणि तपासणी आणखी कडक झाली.

कायद्यात ही पूर्ण वसुली स्पष्ट शब्दांत नव्हती. खात्याने तसा अर्थ लावला आणि राज्य परिषद या उच्च प्रशासकीय न्यायपीठाने तो वर्षानुवर्षे उचलून धरला. ऑक्टोबर २०१९ मध्ये परिषदेनेच आपला अर्थ बदलला आणि वसुली प्रमाणात करता येते, असे ठरवले. डिसेंबर २०२० च्या संसदीय अहवालाने सरकारबरोबर संसद व न्यायाधीशांवरही ठपका ठेवला. १५ जानेवारी २०२१ रोजी मार्क रुटे यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

सार्वजनिक पैशावर देखरेख हवीच. पण चूक आणि लबाडी वेगळी ओळखण्याची मुभा तपासणाऱ्याला नसेल, तर देखरेखीची शिक्षा होते. नेदरलँड्समध्ये ती मुभा कायद्याने नव्हे, त्याच्या वाचनाने काढून घेतली होती.